मांडवा ते मालवण सायकलवर: पाच रामटेकचा हिशेब कसा चुकला

झिल्पीकर

राम राम मंडळी. मागच्या पावसाळ्यात इथेच विचारलं होतं, मांडव्याहून मालवणला किनाऱ्याकिनाऱ्यानं सायकलवर जायला किती दिवस लागतील. गुहागरच्या एका भाऊंनी "दहा धरा" म्हणून उत्तर दिलं होतं, आणि मी त्यावर दात काढणारी बाहुली (स्मायली) टाकली होती. ती आज जाहीरपणे मागे घेतो.

आमचा हिशेब असा. नागपूरहून रामटेकला जाऊन परत येणं म्हणजे शंभरेक किलोमीटर. ते आम्ही रविवारी अंधारात निघून जेवणाच्या आत उरकतो. मांडवा ते मालवण 500 च्या थोडं वर. म्हणजे पाच रामटेक. पाच दिवस. साळा सोबत आहे, तो दर टपरीवर थांबते, म्हणून सहा. लागले दहा, आणि त्यात आरामाचा एकही दिवस नव्हता.

तिघं होतो. माझी हायब्रिड. साळ्याची नवीकोरी रोडबाईक, जिचं वजन सांगताना त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा हळू होते. आणि कॉलनीतले काका, वय 63, त्यांची पंधरा वर्षांची एमटीबी (माउंटन बाईक), मागच्या कॅरिअरवर सुतळीनं आवळलेली रेक्झिनची पिशवी. निघताना आम्हा दोघांना काळजी काकांची.

सायकली विदर्भ एक्स्प्रेसच्या ब्रेकव्हॅनमधून लगेज म्हणून नेल्या. पेडल काढायचे, हँडल फिरवून दांडीला बांधायचं, आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) कशावरही टेकणार नाही हे बघायचं. हे शेवटचं मी घरीच विसरलो. बांधून झाल्यावर स्वतःच्या हातानं सायकल नेमकी त्याच अंगावर आडवी केली. हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला टांगलेला असते तो तुकडा, वाकला. मुंबईत हातानंच थोडा सरळ केला, पण मागच्या सगळ्यात मोठ्या दोन चकत्यांवर चेन चढायची ती चढेच ना. म्हणजे चढावर लागणारे नेमके तेच गिअर गेले. दोन बोटांएवढा तुकडा असते तो. जास्तीचा एक खिशात टाकून घ्या रे बाप्पा.

सीएसएमटीहून भाऊचा धक्का जवळच. तिथून गाड्या नेणारी रो-रो बोट, सायकलसकट मांडवा. काका सगळा वेळ कठडा धरून उभे. मांडव्याला उतरताना एवढंच म्हणाले, "संपतच नाही रे हे पाणी."

पहिला दिवस अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरूड. सत्तरेक किलोमीटर, बहुतेक सपाट, थोडे चढ. कोर्लईला चहा पीत असताना दोन बाया आपसात बोलत होत्या, एक शब्द कळेना. पोर्तुगीजांच्या वेळची मिश्र बोली त्या गावात अजून बोलतात, हे चहावाल्यानं सांगितलं. त्या रात्री मुरूडला साळ्यानं घोषणा केली की उद्या आपण नव्वद मारू. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी, मग दिवेआगर, संध्याकाळी श्रीवर्धन. झाले पन्नास.

बाकीचं उद्या टाकतो, आता डोळे मिटून राहिले.

तर्रीबाज

भाऊ, दहा दिवस तर्री पोह्याशिवाय काढले? आधी ते सांगा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

वर्धारोडची

वाचतेय. आम्हा दोघी मैत्रिणींना जायचं आहे, म्हणून प्रश्न खूप आहेत. तुमचं संपू द्या आधी.

झिल्पीकर

तर्रीबाज भाऊ, पोह्याचं सांगतोच. श्रीवर्धनच्या एका घरगुती खानावळीत साळ्यानं पोहे मागवले आणि मालकीणबाईंना म्हटलं, "वरून सांबार टाकजा थोडा." बाई म्हणाल्या, "सांबार फक्त इडलीसोबत करतो आम्ही, आज इडली नाही." हा म्हणे, "इडलीचा नाही हो, हिरवा सांबार." पाच मिनिटं असंच चाललं. शेवटी काकांनी उठून त्यांच्या परसातली कोथिंबीर बोटानं दाखवली. आम्ही नेलेली संत्रा बर्फी त्यांना दिली, त्यांनी निघताना फणसपोळी दिली. ती फणसपोळी सड्यावर उपयोगी पडली, त्याचं पुढे.

आता मुद्द्याचं. नकाशावर किनारा एक रेघ दिसते. प्रत्यक्षात ती रेघ दर पंचवीस-तीस किलोमीटरला तुटते. सह्याद्रीत निघालेली नदी शंभरेक किलोमीटरमध्ये समुद्राला मिळते, आणि तिच्या तोंडाशी समुद्र आत घुसून बसलेला. रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीला लागून काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटण. कुठे पूल आहे, कुठे फेरीबोट. आणि दोन खाड्यांच्या मध्ये काय, तर सडा. जांभ्या दगडाचं पठार. रस्ता पाण्यापासून निघते, सड्यावर चढते, वर थोडा वेळ वारा खाते, की पुढच्या गावासाठी पुन्हा समुद्रावर उतरते. गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांत खाली, एसटी आली तर सायकलवाल्यानं कुंपणाला चिकटायचं एवढी गल्ली. गाव संपलं की लगेच चढ. पंधरा मिनिटांत उतरलेलं सगळं पाऊण तासात परत चढायचं. दिवसातून चार वेळा, पाच वेळा.

आपल्याकडे सायकलवाल्याला चढ म्हणजे काय माहीत? उड्डाणपूल. आम्ही महिनाभर सराव केला तो वर्धा रोडनं आणि काटोल रोडनं, 80-90 किलोमीटरचा. पाय सपाटीवर एका लयीत तीन तास फिरायला शिकले. सड्यावर ती लय दोन मिनिटंही टिकत नाही.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीनं वेशवी, बाणकोट, मुक्काम केळशी. चौथा दिवस आंजर्ले, हर्णै, दापोली. हर्णैचा माशांचा लिलाव बघून काका तासभर हलले नाहीत. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, इकडे वाळूत टोपल्यांचे ढीग आणि भाव बोलणाऱ्या बायांचा आवाज. दापोलीचा चढ चढताना अंधार झाला, ते बरोबर नव्हतं.

पाचवा दिवस मात्र नीट सांगतो, कारण त्याच दिवशी आमची जिरली.

दापोली वर आहे, दाभोळ खाडीच्या काठावर. दाभोळात उतरताना रस्ता वळणावळणानं घसरत जाते. जांभ्याची लाल भुकटी वळणांवर पसरलेली. साळा पुढे. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर त्याच्या सायकलचा आवाज बदलला. आधी सुईईई, मग एकदम खर्रर्र, पाट्यावर नारळ घासावा तसा. ब्रेकचं रबर संपून लोखंड रिमवर घासत होतं. लाल मातीनं चार दिवसांत चार महिन्यांचं रबर खाल्लं होतं, आणि आम्ही रोज रात्री मोबाईलला चार्जर लावत होतो, ब्रेककडे कोणी बघितलं नव्हतं. तो उतरला आणि उरलेली वळणं सायकल हातात धरून चालला. खाली जेटीवर बोटीची फळी टेकलेली दिसत होती. एक टेम्पो चढला, दोन मोटारसायकली चढल्या, भोंगा झाला, फळी उचलली. आम्ही वरच्या वळणावरून बघत होतो.

पुढच्या बोटीपर्यंत तासभर. बोट नसली तर पलीकडे जायला खेड-चिपळूण करून शंभरावर किलोमीटरचा वळसा, म्हणून कोणी कुरकुर केली नाही. टपरीवर एक आजोबा बसले होते, गुडघ्यावर जाळं, हातात सुई. काकांनी त्यांना भरतीची वेळ विचारली. त्यांनी वर न बघता विचारलं, "आज तिथी कोणती?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघून राहिलो. मीच मोबाईल काढला. पंचमी. "मग पाचाचे पाऊणपट करा." पावणेचार. "पावणेचारला भरली. तुमच्या त्या डबड्यात बघा जुळते का." पाच-दहा मिनिटांचा फरक, बस. पौर्णिमेला-अवसेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या पुढेमागे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. आम्ही दिवेआगरला ऐन भरतीत मऊ वाळूत सायकली ढकलल्या होत्या, हे ऐकून आजोबा पहिल्यांदा हसले.

धोपाव्याला बोट लागली की समोरच चढ. तिथली एक गोष्ट लक्षात ठेवा: आधी गाड्या जाऊ द्या. आम्ही हौसेनं पहिले उतरलो आणि अख्ख्या बोटीतली वाहनं आमच्या मागे हॉर्न वाजवत चढली. साळा पन्नास मीटरवर उतरला. मी शंभरावर. काका बसूनच राहिले. पुढची सगळ्यात छोटी चकती, मागची सगळ्यात मोठी, पाय शिलाई मशीनसारखे फिरत होते आणि सायकल पायी चालणाऱ्याच्या वेगानं. पण बसून. वर पोचल्यावर त्यांनी पिशवीतून फणसपोळी काढली आणि आमची वाट बघत खाल्ली. आम्हाला उरली नाही.

गुहागरात मोटारसायकलवाल्याकडे साळ्याच्या ब्रेकचं रबर मिळेना. शेवटी शाळेच्या पोराच्या सायकलचं रबर कापून बसवलं, मालवणपर्यंत चाललं.

खाडीकाठ

"दहा धरा" म्हणणारा तो गुहागरचा मीच. बाहुली परत मिळाली, आभार!

एक-दोन गोष्टी जोडतो. दाभोळच्या उतारावर आमच्याकडचे जुने लोक अजून सायकल हातात धरूनच उतरतात, त्यात कमीपणा नाही. पाऊणपटीचं गणित आजोबांनी बरोबर सांगितलं. त्याच्या जोडीला उधाण आणि भांग हेही ध्यानात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी फार वर येतं आणि ओहोटीला फार लांबही जातं. वाळूवरून सायकल चालवायची तर उधाणाच्या दिवसातली ओहोटी उत्तम, घट्ट ओली वाळू रुंद मिळते. सप्तमी-अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, तेव्हा पट्टा अरुंद. वाळूत चालवलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं चेन धुऊन तेल घाला. सकाळपर्यंत ठेवलीत तर तांबडी झालेली दिसेल.

आणि तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला आलात हे शहाणपणाचं केलंत. जानेवारीत दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो. उलटे आला असतात तर रोज दुपारी तोंडावर खाल्ला असतात.

चेनसेट

काका का बसून राहिले आणि साळा का उतरला, याचं गणित सोपं आहे. रोडबाईकवर पुढे लहान चकती 34 दात्यांची, मागे मोठी 28 ची धरू. 34 भागिले 28 म्हणजे 1.21. चाकाचा घेर 2.1 मीटर धरला तर पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे जायलाच पाहिजे. काकांच्या जुन्या एमटीबीत पुढे 22, मागे 34 असेल तर एका फेरीत 1.36 मीटर. चढ तोच, सामान तेच, पण दर फेरीला पायावर येणारा जोर जवळजवळ निम्मा. बारा टक्क्यांच्या चढावर सामान घेऊन अडीच मीटरची फेरी मारायला ढुंगण उचलून उभं राहावं लागतं, आणि ते दिवसातून पाच वेळा, दहा दिवस, शक्य नाही.

साळेबुवांना सांगा, सायकल विकू नका. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, 11-34 दात्यांची टाका, डिरेलर लांब पिंजऱ्याचा लागेल, नाहीतर चेन बसणार नाही. रबर लाल मातीत लवकर जातंच. जास्तीच्या दोन जोड्या, एक चेनचा जोडदुवा, हँगर. डिस्क असेल तर तिचे पॅडही.

सीताबर्डीचा_सदू

मला एक समजत नाही. आपली नाग नदी कन्हानला जाते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नकाशावर पट्टी ठेवली तर नागपूरहून विशाखापट्टण मुंबईपेक्षा जवळ पडते. म्हणजे नागपूरचा समुद्र हक्कानं पूर्वेकडचा. मग सगळे उठून कोकणातच काऊन पळून राहिले?

तर्रीबाज

सदूभाऊ, नाग नदीत जे वाहून राहिलं ते बघता बंगालच्या उपसागराची माफी मागायला जावं लागेल आधी.

झिल्पीकर

😀 सदूभाऊ, पुढच्या वर्षी पूर्व किनारा. नदीच्या काठाकाठानं. तुम्ही चला.

खाडीकाठ दादा, वाऱ्याचं अगदी खरं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, दिवसा समुद्रावरून, रात्री जमिनीवरून. नागपूरच्या पोराला ते पाठच करावं लागते, अंगाला कुठून लागणार. इथे पहाटे सहाला निघालं की डाव्या हाताकडून, डोंगराकडून थंड झुळूक. दहा-अकराला सगळं थांबते. अर्धा तास पान हलत नाही. मग उजवीकडून, समुद्राकडून सुरू. सहाव्या दिवशी हेदवीच्या अलीकडे सड्यावर मी मुद्दाम थांबून वाट बघितली, आणि खरंच झालं. गवत एका बाजूला झुकलेलं होतं, ते सरळ झालं, मग दुसऱ्या बाजूला. साळा म्हणे काय बघून राहिला बे. म्हटलं सहावीचं पुस्तक.

अजून एक, नागपूरकरांसाठी खास. आपल्याला उन्हाचा माज असते. मे महिन्यात 45 मध्ये डोक्याला दुपट्टा बांधून ऑफिसला जाणारी माणसं आपण, जानेवारीतल्या 32-33 ला काय घाबरायचं? ते ऊन नव्हेच. आपल्याकडे हवा कोरडी, घाम आला की उडते आणि अंग गार होते. तिथे घाम उडतच नाही. टपकते. आतून भट्टी, वरून ओलं. मी पहिले तीन दिवस नुसतं पाणी पीत होतो, तिसऱ्या रात्री पोटऱ्यांना गोळे. काका कोकम सरबत मीठ घालून पीत होते, त्यांना काही झालं नाही. काकांचं हे असं सगळ्यातच.

सहाव्या दिवसापासून पुढचं थोडक्यात. सहाव्याला तवसाळहून बोटीनं जयगड. जेटीच्या वरचा चढ वाईट, वर ट्रक फार. मुक्काम गणपतीपुळे. सातव्याला सकाळी आरे-वारेचा रस्ता. फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, मी वर्णन करत नाही. फक्त तिथला उतार बघून दोन्ही ब्रेक धरून जा, समुद्र बघत जाऊ नका. रत्नागिरीत थिबा पॅलेसजवळ थांबलो. ब्रह्मदेशच्या राजाला 1885 मध्ये देशाबाहेर काढून इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 ला, आणि 1916 ला तो गेला. पंचवीस वर्षं वाट बघून सहा वर्षं राहायला मिळालं. काका म्हणाले, "आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच आहे."

मुक्काम पावस. आठवा दिवस पूर्णगड, जैतापूर करत विजयदुर्ग, सगळ्यात लांब आणि सगळ्यात एकटा. सड्यावर तासभर माणूस नाही, दुकान नाही, करवंदीच्या जाळ्या आणि काळा पडलेला कातळ. नववा देवगड, कुणकेश्वर, तिथून थोडं पुढे मुक्काम. दहावा मालवण. परत येताना मालवणहून कुडाळ, आणि नागपूर-मडगावची आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी. चोवीस तासांच्या वर लागतात, पण गाडी बदलायची भानगड नाही. ती स्पेशल म्हणून चालते, तेव्हा तारखा आधी बघून मग रजा टाका. सायकली चाकं काढून पिशवीत घातल्या होत्या.

सोनचाफा

वर्धारोडची, मी प्रतापनगरची. तीन वर्षांपूर्वी रत्नागिरी ते वेंगुर्ला एकटीनं केलं आहे, म्हणून तुझ्या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते.

चारच्या आत खोली. हा एक नियम पाळला तर बाकी नियम फारसे लागत नाहीत. कोकणात रस्त्यावर दिवे नाहीत, आणि वाड्यांतून अंधार लवकर होतो. मी लॉजपेक्षा घरगुती राहायची सोय शोधायची आणि फोनवर पहिल्यांदा घरातल्या बाईशी बोलायची. एकटी आहे म्हटल्यावर एकदा एका ठिकाणी "एकट्या बाईला देत नाही" असं ऐकावं लागलं, तेव्हा शेजारच्या घरातल्या वहिनींनी माजघरात गादी टाकून दिली, सकाळी घावणे आणि नारळाचा रस. पैसे घेईनात.

दुपारी एक ते चार गावातली दुकानं बंद असतात. हे नागपूरकराला पचत नाही. पाणी आणि खाणं साडेबाराच्या आत भरून घे, सड्यावर काही मिळत नाही. स्वच्छतागृहासाठी एसटी स्टँडच्या भरवशावर राहू नको, देऊळ किंवा सरळ एखादं घर. अंगण झाडणाऱ्या आजीला विचारलं की ती आधी "कुठनं आलीस?" विचारते, नागपूर म्हटलं की "अगो बाई, सायकलीवर?" आणि मग चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. प्रत्येक वेळी वीस मिनिटं जातात, ती धरून चाल.

नाताळचा आठवडा टाळ. खोल्या मिळत नाहीत आणि अरुंद रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या.

वर्धारोडची

ताई, हेच हवं होतं. वीस मिनिटं गुणिले किती आज्या ते लिहून ठेवते. वेळासला कासवं बघायची इच्छा आहे, झिल्पीकर भाऊंना दिसली का?

झिल्पीकर

नाही, आम्ही फार लवकर गेलो. वेळासच्या वाटेवरूनच गेलो, पण पिल्लं साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत निघतात असं तिथल्या लोकांनी सांगितलं. त्यासाठी गेलं तर ऊन वाढलेलं असणार. दोन्ही एका फेरीत नीट जमणार नाही, कासवांसाठी वेगळी एसटीनं जा.

कट्ट्यावरचा

खयसून इलास म्हणा ना मालवणात! आमच्याकडे इलात आणि मालवणाबद्दल एक वळ लिवलास. ह्या बरा न्हय.

झिल्पीकर

माफी, दादा. खरं सांगू का, मालवणात पोचल्यावर आम्ही काहीच बघितलं नाही. बंदरावर सायकली आडव्या टाकल्या आणि समोर सिंधुदुर्ग बघत बसलो. बोटीत बसून किल्ल्यावर जायचीही ताकद नव्हती. मग एका खानावळीत बांगडा, तिसऱ्या आणि वाटीवर वाटी सोलकढी. साळ्यानं सावजीचं नाव दहा दिवसांत पहिल्यांदा काढलं नाही.

नवखा_440

भाऊ, आम्ही चौघं पुढच्या हिवाळ्यात जातो आहे. नागपुरात राहून चढाचा सराव कुठे करायचा? खरं खरं सांगा.

झिल्पीकर

खरं खरं सांगायचं तर पूर्ण सराव होत नाही. पण आम्ही आता जे करून राहिलो ते सांगतो. सेमिनरी हिल्सचा चढ छोटा आहे, एकदा चढून काही होत नाही. वीस वेळा चढा. पॅनियर (कॅरिअरच्या बाजूला लावायच्या पिशव्या) लावून, त्यात पाण्याच्या बाटल्या भरून. दहाव्या फेरीला फिरायला येणारे लोक विचारतात, काही हरवलं का? रामटेकला गेलात तर गावातून परत फिरू नका, गडमंदिराचा रस्ता चार वेळा करा. आणि एकदा तरी चिखलदरा. परतवाड्याहून निघून 1,100 मीटरच्या आसपास उंची गाठायची. तो चढ लांब आणि एकसारखा, कोकणातले आखूड आणि उभे, पण कोणत्या गिअरला आपला दम किती टिकते ते तिथे कळते. कळलं की घरी येऊन कॅसेट बदला.

आणि दिवसाचं नियोजन किलोमीटरवर करू नका. कागदावर खाड्या लिहा, बोटीच्या वेळा लिहा, मधले सडे मोजा. दिवसाला 50, फार तर 60. एका दिवसात दोन बोटी आल्या तर 45.

साळ्याची सायकल चेनसेट भाऊंनी सांगितल्याप्रमाणे 11-34 करायला टाकली आहे. धोपाव्याच्या चढाचा एक फोटो सोबत जोडतो, म्हणजे कल्पना येईल. त्यात काका सायकल ढकलताना दिसतात, पण तेवढ्यावरून कोणी काही समजू नका, ते एकदाच झालं.

जुनी_एमटीबी

मी यातला काका. मुलीनं आजच खातं उघडून दिलं.

फोटोत मी ढकलतो आहे ती सायकल माझी नाही. नीट बघा, हँडल वाकडं, बारीक टायर. ती याच्या साळ्याची आहे. माझी वर पोचली होती, झाडाला टेकवून मी परत खाली आलो होतो, कारण तो पोरगा रस्त्याच्या कडेला बसला होता आणि याला हँगर सरळ करायचा होता.

आणि फणसपोळी मी एकट्यानं खाल्ली हे खरं आहे.